संमोहनात मेंदूच्या लहरी मोजताना: लातूरच्या प्रकल्प नोंदी

४ फेब्रुवारी

मी लातूरच्या एका महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. ज्यांच्याबरोबर हे काम सुरू करतोय त्या मॅडम मानसशास्त्रज्ञ आहेत. परीक्षेच्या धास्तीनं झोप उडालेल्या मुलांसाठी त्या इतर उपचारांच्या जोडीला संमोहनही वापरतात, आणि लातुरात अशा मुलांना तोटा नाही. खुर्चीत बसण्याआधी जवळपास प्रत्येक जण एकच गोष्ट विचारतो: "मॅडम, म्हणजे मला झोप लागणार का?" मॅडम नाही म्हणून सांगतात. ते "नाही" मेंदूच्या लहरींच्या आलेखावर दाखवता येईल का, हे बघायचं आहे.

वाटून घेतलेली कामं अशी: संमोहन फक्त मॅडम करणार, मी तारा लावणार आणि नोंद घेणार. स्वयंसेवक १८ वर्षांपुढचेच. फिट येण्याचा किंवा गंभीर मानसिक आजाराचा इतिहास असेल तर घ्यायचं नाही. संमतीपत्र मराठीत, आणि त्यात स्पष्ट लिहिलंय की हा उपचार नाही, यातून कुठला आजार बरा होणार नाही, आणि मधेच उठून जायची पूर्ण मुभा आहे. हे वाचून हा उद्योग कुणी घरी करणार असेल तर प्रशिक्षित माणसाशिवाय संमोहनाच्या भागाला हात लावू नये. नुसत्या लहरी मोजायला कुणाची हरकत नाही.

११ फेब्रुवारी

सामान आलं. बायोॲम्प ईएक्सजी पिल नावाचे दोन छोटे बोर्ड, डोक्याला लावायचे कपासारखे, सोन्याचा मुलामा दिलेले इलेक्ट्रोड, ते चिकटवायच्या टेन-ट्वेंटी पेस्टची डबी, त्वचा घासायची जेल. सिग्नलचे आकडे करून लॅपटॉपकडे पाठवणारा आर्डुइनो उनो बोर्ड कॉलेजातला जुनाच. डोक्यावरून मिळणारा सिग्नल मायक्रोव्होल्टमध्ये असतो, म्हणजे व्होल्टच्या दहा लाखाव्या भागात. साध्या बोर्डाला तो थेट दिसतच नाही. तो वाढवायचं काम पिल करते.

चिकटवायचे, गोल, ईसीजीला लावतात ते इलेक्ट्रोड स्वस्त पडतात म्हणून तेही मागवले होते. केसांवर ते बसत नाहीत. कपाळाला आणि कानामागच्या हाडाला चालतात, तेवढंच.

जागा दोन ठरवल्या. एक कपाळाच्या वर मधोमध, जिला एफ-झेड म्हणतात. दुसरी डोक्याच्या मागच्या बाजूला, ओ-झेड. मोजायला शिंप्याची टेप पुरते. नाकाच्या मुळापासून डोक्यावरून मागच्या हाडाच्या उंचवट्यापर्यंत अंतर घ्यायचं. त्याच्या ३० टक्क्यांवर एफ-झेड, ९० टक्क्यांवर ओ-झेड. अंतर ३५ सेंटीमीटर आलं तर साडेदहावर एक खूण आणि साडेएकतीसवर दुसरी. संदर्भाचे इलेक्ट्रोड, म्हणजे ज्यांच्या तुलनेत बाकीचे मोजायचे ते, कानांमागे.

१८ फेब्रुवारी

पहिली चाचणी डोळे मिटण्याची. हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये जर्मनीत येना इथं माणसाच्या मेंदूतल्या लहरींची पहिली नोंद घेतली आणि १९२९ मध्ये ती छापली. डोळे मिटले की डोक्याच्या मागच्या भागात ८ ते १३ हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ८ ते १३ वेळा वर-खाली होणारी, अल्फा लहर वाढते, उघडले की दबते. तुमचं यंत्र खरोखर मेंदूच मोजतंय का, याची याहून सोपी परीक्षा नाही. ती उतरल्याशिवाय पुढं जायचं नाही असं ठरवून ठेवा.

आमची उतरली नाही. पुतण्या खुर्चीत बसला, डोळे मिटले, आणि १० हर्ट्झला काहीच नाही. उलट २४ हर्ट्झजवळ एक उंचवटा, तोही डोळे मिटल्यावरच. इलेक्ट्रोड बदलले, पेस्ट बदलली, माणूस बदलला. उंचवटा तिथंच.

२५ फेब्रुवारी

उंचवट्याचं कोडं सुटलं. एका मिनिटाच्या फाईलमधल्या ओळी मोजल्या. सेकंदाला २५६ नमुने घ्यायचे आणि नमुन्याला एक ओळ, तर मिनिटाला १५,३६० ओळी हव्यात; सापडल्या साडेसहा हजारांच्या आत. आर्डुइनो आकडे लॅपटॉपकडे ९६०० बॉडनं पाठवत होता, म्हणजे सेकंदाला जेमतेम ९६० अक्षरं. एक ओळ नऊ अक्षरांची, त्यामुळे सेकंदाला साधारण १०६ ओळीच पलीकडे जात होत्या. लॅपटॉपवरचा पायथन प्रोग्राम मात्र त्या २५६ धरूनच हिशोब करत होता, म्हणून १० हर्ट्झची लहर २४ वर दिसत होती. म्हणजे अल्फा पहिल्या दिवसापासून हजर होती, आम्ही तिला चुकीच्या घरात शोधत होतो.

वेग १,१५,२०० केला आणि ओळी बरोबर आल्या. यात आठवडा गेला. तुम्ही पहिल्या नोंदीनंतर लगेच ओळी मोजा, त्याला दोन मिनिटंही लागत नाहीत.

याच झटक्यात आर्डुइनोही बदलला. जुन्या उनोत १० बिट, म्हणजे सिग्नलची उंची मोजायला १०२४ पायऱ्या. नव्या आर-फोर मिनिमात १४ बिट, म्हणजे १६,३८४. पण नवा बोर्डही सांगितल्याशिवाय १० बिटच देतो. प्रोग्रामच्या सुरुवातीला ॲनालॉग रीड रिझोल्यूशन १४ करावं लागतं. एकूण खर्च आता अकरा हजारांच्या घरात.

९ मार्च

५० हर्ट्झची घरघर. वीजपुरवठा ५० हर्ट्झचा, आणि खोलीतली प्रत्येक वायर ती डोक्यावर टाकते. लॅपटॉपचा चार्जर लावला की आलेखात दुसरं काही उरतच नाही. चार्जर तसाही लावायचा नसतो: डोक्याला तारा जोडलेल्या असताना लॅपटॉप बॅटरीवरच हवा, डेस्कटॉप तर चुकूनही नको. हा मुद्दा सिग्नलचा कमी आणि जिवाचा जास्त.

चार्जर काढूनही पंख्याचा रेग्युलेटर त्रास देतोच. दुपारी लाईट गेली तेव्हा वाटलं बरं झालं, पण इन्व्हर्टर चालू झाला आणि आलेख आणखी बिघडला. स्वस्तातल्या इन्व्हर्टरची लहर चौकोनी असते. ५० बरोबर १५०, २५० असे सगळे विषम गुणकही येतात. आता नोंदीच्या वेळी इन्व्हर्टरही बंद.

२३ मार्च

केसांचं तेल. आपल्याकडं, विशेषतः मुलींच्या डोक्याला, तेल असतंच. तेलाच्या थरावर पेस्ट लावली की सिग्नल कमी आणि घरघर जास्त. आदल्या रात्री शाम्पूनं केस धुऊन, कंडिशनर न लावता यायला सांगतो. लातुरात उन्हाळ्यात नळाला रोज पाणी येत नाही. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं हे शहर, इथं कुणाला "केस धुऊन या" सांगतानाही विचार करावा लागतो. म्हणून दुसरी सोय ठेवली: भांग पाडून तेवढ्याच जागेवर स्पिरिटचा बोळा, मग जेलनं हलक्या हातानं घासायचं, मग पेस्ट. शेपटीच्या कंगव्यानं भांग नीट पडतो. कपात पेस्ट काठोकाठ भरून वर थोडी फुगीर ठेवायची, दाबली की ती केसांच्या मुळांपर्यंत उतरते. वरून कापसाचा तुकडा आणि पट्टी.

इलेक्ट्रोड नीट लागलाय का हे बघायला मल्टिमीटरनं ओहम मोजू नका. तो डीसी करंट सोडतो, त्यानं इलेक्ट्रोड खराब होतो आणि डोक्याला करंट देणं मुळातच चूक. घरघर किती आहे त्यावरून कळतं: दोन्ही चॅनेलवर, म्हणजे दोन्ही जागांच्या नोंदींत, सारखी आणि कमी असेल तर ठीक.

३० मार्च

पहिली पूर्ण बैठक. मॅडमनी एका मुलीला संमोहनात नेलं: नजर एका बिंदूवर, मग पापण्या जड, मग हात हलका होऊन वर येतोय अशी सूचना. हात खरंच वर आला, धक्के खात, थांबत थांबत, जणू कुणी मनगटाखालून उचलतंय. बाजूला बसून हे बघणं वेगळंच आहे. पंचवीस मिनिटांनी ती बाहेर आली आणि पहिलं वाक्य बोलली: "सर, मला सगळं ऐकू यायलतं की. बाहेर रिक्षा गेली तीबी ऐकली."

आलेखात थीटाचा, म्हणजे ४ ते ८ हर्ट्झचा, वाटा बंद डोळ्यांच्या विश्रांतीपेक्षा ठळक वाढलेला. संमोहनाच्या संशोधनात थीटाचा उल्लेख सगळ्यात जास्त येतो, त्यामुळे त्या संध्याकाळी आम्ही दोघंही खूश होतो.

६ एप्रिल

तो आनंद आज कमी झाला, आणि का झाला ते सविस्तर लिहितो, कारण असं काम करणारा जो तो इथंच अडकेल.

आम्ही थीटाचा वाटा काढत होतो, म्हणजे एकूण शक्तीतला टक्का. आता समजा थीटा २० आहे आणि बाकी सगळं मिळून ८०. वाटा २० टक्के. त्या बाकीच्यात मेंदू किती आणि स्नायू किती? जबडा, कपाळ, मान यांचे स्नायू ताणलेले असले की २० हर्ट्झच्या वर भरपूर गोंधळ घालतात, आणि तो मेंदूच्या सिग्नलपेक्षा सहज मोठा असतो. संमोहनाची पहिली सूचनाच "जबडा सैल सोडा, खांदे सैल सोडा" ही. माणूस ते करतो, आणि ते ८० घसरून ४० होतात. थीटा होता तिथंच, २० वर. पण वाटा आता ३३ टक्के. मेंदूत काहीही न बदलता थीटा "वाढला".

त्या मुलीची फाईल पुन्हा काढली आणि वाटा न बघता थीटाची प्रत्यक्ष शक्ती बघितली. वाढ होती, पण आधी दिसली त्याच्या पासंगालाही पुरणार नाही इतकी. २० ते ४० हर्ट्झचा पट्टा मात्र सूचना सुरू झाल्याबरोबर खाली आलेला स्पष्ट दिसतो. जबड्याचे स्नायू सैल पडतानाची ती नोंद आहे.

दुसरी भानगड पापण्यांची. संमोहनात पापण्या थरथरतात, अगदी बारीक. डोळ्याच्या गोळ्याच्या पुढच्या आणि मागच्या बाजूंत विद्युत दाबाचा फरक असतो, त्यामुळे पापणी आणि डोळा हलला की पुढच्या इलेक्ट्रोडवर मोठी लाट उठते, आणि त्या थरथरीचा काही भाग थीटाच्याच पट्ट्यात येतो. कपाळावर इलेक्ट्रोड लावून "संमोहनाच्या लहरी" दाखवणारे आलेख बघितले तर आधी पापण्यांचा विचार करा. आम्ही एफ-झेड घेतला म्हणून थोडे वाचलो, पूर्ण नाही.

उपाय: तिसरी पिल मागवली. तिचे इलेक्ट्रोड डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याशी लावायचे आणि डोळ्याची हालचाल वेगळी नोंदायची. डोळ्याच्या चॅनेलवर लाट आहे ते सेकंद हिशोबातून बाद.

२० एप्रिल

ऊन. दुपारी खोलीत घाम, आणि घामानं आलेख हळूहळू वर-खाली वाहतो, कुठंच स्थिर राहत नाही. कूलर लावला तर त्याची मोटर आणि वाऱ्यानं हलणाऱ्या तारा, दोन्ही नोंदीत येतात. पहाटे सहाला बैठक घेऊन बघितली. घाम नाही, पण रात्री दीडपर्यंत अभ्यास केलेली मुलं पहाटे सहाला डोळे मिटून बसवली की झोपतातच.

४ मे

जागा बदलली. औशाकडच्या एका गावात आमचं जुनं माळवदाचं घर आहे. हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, वर मातीचं माळवद, आत दुपारीसुद्धा गारवा. वायरिंग म्हणजे दोन दिवे आणि एक पंखा. मेन स्विच पाडला, लॅपटॉप बॅटरीवर, मोबाईल विमान मोडवर. ५० हर्ट्झचा खांब इतका खाली आला की मी आधी तार सुटली का ते तपासलं. लातूरच्या खोलीत फिल्टरवर फिल्टर लावून जे जमलं नाही ते मातीच्या घरात एक बटण पाडून झालं. तारा एकमेकींत पिळून खांद्याला पट्टीनं चिकटवल्या, म्हणजे हललं तरी फरक पडत नाही.

गावात चौकशी झालीच. आमच्या आत्यानं मॅडमना विचारलं, "बाई, ह्यात अंगात येतं का माणसाच्या?" मॅडम तिच्याशेजारी बसून सगळं समजावत राहिल्या. त्यांनी अबे फारिया यांचं सांगितलं: १७५६ मध्ये गोव्यात कांदोळीला जन्मलेला आपल्या बाजूचाच माणूस, पॅरिसमध्ये जाऊन त्यानं मांडलं की संमोहन करणाऱ्यातून कुठली शक्ती वाहत नाही, जे घडतं ते ऐकणाऱ्याच्याच मनात घडतं. पणजीत त्यांचा पुतळा आहे. आत्याला हे पटलं की नाही ते माहीत नाही, पण दुसऱ्या दिवशी ती स्वतःहून "माझ्याबी डोक्याला लाव" म्हणत आली, आणि तिची अल्फा आमच्या सगळ्या नोंदींत सर्वांत सुंदर निघाली.

१९ मे

आता तुलनेची बैठक. प्रत्येकाला दोनदा बसवायचं: एकदा संमोहन, एकदा नुसतं वाचन. वाचन मॅडमच्याच आवाजात, त्याच संथ लयीत, तेवढाच वेळ. मजकूर रब्बी ज्वारीच्या लागवडीच्या माहितीपत्रकातला: पेरणीचं अंतर, बियाण्याचं प्रमाण, खोडमाशी. निम्म्यांना आधी संमोहन, निम्म्यांना आधी वाचन, नाहीतर दुसऱ्या खेपेला माणूस सरावलेला असतो त्याचाच फरक दिसायचा.

क्रम दोन्हीकडे एकच: तीन मिनिटं उघडे डोळे, पाच मिनिटं मिटलेले, मग वीस मिनिटं वाचन किंवा संमोहन, शेवटी पुन्हा पाच मिनिटं मिटलेले. दर दोन मिनिटांनी मी टाचण्यांच्या डबीवर टिचकी मारायची, आणि ऐकू आली की समोरच्यानं उजवी तर्जनी उचलायची. हे बोट प्रकल्पातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी उपकरण ठरलं.

झोपेच्या उंबरठ्यावर अल्फा मोडते, तिच्या जागी थीटा येतो, आणि डोळे मिटल्या पापण्यांआड संथपणे एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सरकू लागतात. पुढच्या पायरीवर १२ ते १४ हर्ट्झचे छोटे झुबके येतात, त्यांना स्पिंडल म्हणतात. म्हणजे थीटा वाढणं ही पेंगेचीही खूण आहे. नुसता थीटा बघून संमोहन की डुलकी हे सांगता येणार नाही. डोळ्याचा चॅनेल आणि बोट दोन्ही लागतं.

२ जून

मुलांच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, निदान आमच्या खुर्चीत बसलेल्यांपुरतं. संमोहनात बोट उचललं जात होतं. कधी उशिरा, कधी अगदी सावकाश, पण जात होतं. अल्फा टिकून, स्पिंडल कुठंच नाहीत. ज्वारीच्या वाचनात मात्र बरेच जण खरोखर झोपले. टिचकीला बोट नाही, अल्फा गायब, डोळे संथ सरकताहेत, एकाच्या नोंदीत तर स्पिंडलही. एकच आवाज, एकच खुर्ची, एकच गारवा, आणि झोप लागली ती वाचनात.

मॅडमनी याच्या दोन पट्ट्या छापून घेतल्या आहेत, एकाखाली एक, आणि आता त्या नव्या मुलांना दाखवतात.

थीटाचं काय? पेंगेचे आणि पापण्यांचे सेकंद काढून टाकल्यावर बहुतेकांत संमोहन आणि वाचन यांत सांगण्यासारखा फरक उरला नाही. हात उचलण्यापासून हात जड होण्यापर्यंत सगळ्या सूचनांना सहज प्रतिसाद देणाऱ्या दोन मुलींत एफ-झेडला थीटा जास्त राहिला. संमोहनाला कोण किती प्रतिसाद देतो हे माणसागणिक खूप बदलतं. त्यासाठी स्टॅनफर्ड आणि हार्वर्डच्या बारा-बारा सूचनांच्या मोजपट्ट्या अनुक्रमे १९५९ आणि १९६२ पासून आहेत. त्या न लावता सगळ्यांची सरासरी काढली की असा फरक पुसला जातो. पण दोन मुलींवरून मी काहीही म्हणणार नाही. संमोहनाची म्हणून एकच एक लहर आजवर कुणाला ठामपणे दाखवता आलेली नाही, आणि अकरा हजारांत ती आम्हाला सापडेल अशी आशा धरणं बरोबर नाही.

१६ जून

शेवटची तपासणी. पुतण्यानं सगळ्या फाईलींची नावं बदलून अक्षरं दिली, यादी स्वतःकडं ठेवली. वीस मिनिटांचा मधला भागच मला दिला, डोळ्याचा चॅनेल आणि बोटाच्या खुणा काढून. नुसत्या एफ-झेड आणि ओ-झेडवरून मी संमोहन कोणतं आणि वाचन कोणतं ते लिहायचं. झोप लागलेल्या फाईली मी बरोबर ओळखल्या. राहिलेल्यांत माझे अंदाज छापा-काट्याइतकेच निघाले.

आता दोन कामं. मॅडम हार्वर्डच्या मोजपट्टीचा मराठी मसुदा करताहेत. आधी प्रतिसाद मोजायचा, मग खूप प्रतिसाद देणारे आणि अजिबात न देणारे असे दोनच गट बसवायचे. मी एडीएस १२९९ ही मेंदूच्या लहरी मोजण्यासाठीची चिप असलेल्या आठ चॅनेलच्या बोर्डाचा भाव काढतोय. तिच्यात २४ बिट आहेत, म्हणजे पायऱ्या खूपच बारीक; पेस्ट मात्र तरीही नीटच लावावी लागेल. कॉलेजकडं अर्ज दिलाय.

पाऊस सुरू झालाय आणि गावातलं माळवद दोन ठिकाणी गळतंय. वर पांढरी माती टाकून होईपर्यंत तिथं लॅपटॉप नेता येणार नाही. तोवर लातूरच्या खोलीत, सकाळी नऊला, मेन स्विच पाडून.